हिरड्यांतून रक्त येतंय? तिथला ब्रश थांबवू नका

दात घासून थुंकलं आणि बेसिनमध्ये लालसर रेघ दिसली, की बहुतेक माणसं दोनपैकी एक काहीतरी करतात. एकतर त्या जागी ब्रश लावायचं टाळतात, नाहीतर 'हिरड्यांसाठी खास' असं लिहिलेली पेस्ट आणतात. पहिल्याने दुखणं वाढतं. दुसऱ्याने फक्त ट्यूबचा रंग बदलतो. रक्त येतं ते बहुधा ब्रश जोरात लागला म्हणून नव्हे, तर तिथे बरेच दिवस ब्रश पोचलाच नाही म्हणून. तेव्हा जिथून रक्त येतं नेमकं तिथेच मऊ ब्रशने, दिवसातून दोनदा, नीट घासायचं. पहिले तीन-चार दिवस रक्त जरा जास्तही दिसेल. प्रकरण नुसत्या सुजेचं असेल तर आठवडा-दहा दिवसांत ते कमी होत जातं. दोन आठवडे व्यवस्थित घासूनही येतच राहिलं, तर हिरडीखाली ब्रशच्या आवाक्याबाहेरचं काहीतरी साचलंय, आणि ते दंतवैद्यालाच काढावं लागेल.

हिरडीच्या कडेला काय घडतं

दात घासल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा पातळ पापुद्रा दातावर बसतो. त्यावर काही तासांत जंतू चिकटायला लागतात आणि एकमेकांना धरून थर रचतात. हा प्लाक. पाण्याच्या माठाला आतून बुळबुळीत थर धरतो तसाच हा प्रकार: पाणी खळबळून तो जात नाही, हात घालून घासावाच लागतो. चूळ भरून किंवा माउथवॉशने प्लाक जात नाही, त्याचं कारण हेच.

निरोगी हिरडी दाताला घट्ट बसलेली दिसते, तरी तिच्या कडेला दाताभोवती १ ते ३ मिलिमीटर खोलीची बारीक फट असतेच. प्लाक या फटीच्या तोंडाशी जमतो. शरीर त्याला तोंड द्यायला रक्तपुरवठा वाढवतं, हिरडीची कड फुगते, फटीचं आतलं अस्तर झिजून कच्चं होतं. मग नुसता ब्रशचा स्पर्श किंवा पेरूचा घासही रक्त काढायला पुरतो. या अवस्थेला जिंजिव्हायटिस म्हणतात आणि ती पूर्णपणे मागे फिरते. १९६५ साली हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधल्या आरहूसला १२ निरोगी माणसांना दात घासणंच बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या.

सूज तशीच राहू दिली तर काही जणांमध्ये ती खाली उतरते. दाताला हाडात धरून ठेवणारे तंतू तुटतात, हाड झिजतं, फट खोल होत ४, ५, ७ मिलिमीटरपर्यंत जाते. तिला पॉकेट म्हणतात. ब्रशचे केस हिरडीखाली जेमतेम मिलिमीटरभर जातात, त्यामुळे पॉकेटच्या तळाशी काय चाललंय याच्याशी तुमच्या ब्रशचा संबंध उरत नाही. हा पेरिओडॉन्टायटिस, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेला पायरिया. गेलेलं हाड आपोआप भरून येत नाही. पुढची झीज मात्र थांबवता येते. आणि हे सगळं बहुतेक वेळा न दुखता चालतं. कीड लागलेली दाढ रात्री झोपू देत नाही म्हणून माणूस दवाखाना गाठतो. पायरियाचा माणूस दात हलायला लागल्यावर येतो.

सगळ्यांचं सारखंच होतं असं मात्र नाही. याच लो यांच्या गटाने श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांतल्या ४८० मजुरांची १९७० पासून १५ वर्षं पाहणी केली. या लोकांना दात साफ करायची सवय नव्हती, दंतवैद्याचे उपचारही मिळत नव्हते. त्यातल्या सुमारे ८ टक्क्यांचा आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांचा हळूहळू, आणि ११ टक्के लोकांचं दुखणं हिरडीच्या सुजेपुढे गेलंच नाही. 'आमचे आजोबा आयुष्यभर राखुंडीने दात घासायचे, तरी बत्तिशी शाबूत होती' हे म्हणूनच खरं असू शकतं. आजोबा त्या अकरातले असतील. नातू कुठल्या गटात पडतो हे आधी कळायचा सोपा मार्ग नाही. घरात आई-वडिलांचे दात चाळिशीतच हलले असतील, तर आपण त्या आठांत आहोत असं धरूनच चालावं.

प्लाक काढला नाही तर लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात बसून तो कडक होतो, म्हणजे कीटण धरतं. त्याला टार्टर म्हणतात. लाळग्रंथींची तोंडं जिथे उघडतात तिथे ते आधी आणि जास्त जमतं: खालच्या पुढच्या दातांच्या जिभेकडच्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला. कीटण स्वतः फारसं काही करत नाही, पण त्याच्या खडबडीत पृष्ठावर नवा प्लाक चटकन बसतो आणि ब्रशने निघत नाही. एकदा कडक झालेलं कीटण घरी काढायचं नाही. सुई, पिन किंवा ऑनलाइन मिळणारे धारदार हुक वापरले की हिरडी फाटते आणि दाताच्या मुळावर ओरखडे उठतात.

आरशात काय बघायचं

महिन्यातून एकदा, चांगल्या उजेडात. आपल्याकडे अनेकांच्या हिरड्या जन्मतःच तपकिरी किंवा काळसर असतात. ते रंगद्रव्य आहे, रोग नाही. म्हणून 'गुलाबी म्हणजे निरोगी' या पाटीवर विसंबू नका. रंगापेक्षा कडेचा आकार बघा. दोन दातांमधलं हिरडीचं टोक निमुळतं आणि घट्ट असायला हवं. ते गोल, फुगलेलं, चकाकणारं झालं असेल तर सूज आहे. मग दात पूर्वीपेक्षा लांब दिसतायत का, पुढच्या दातांमध्ये नवीन फट पडलीय का, एखादा दात बाहेर सरकलाय का, हे बघा. हिरडी बोटाने दाबल्यावर कडेतून पिवळसर स्राव येतो का, जेवताना एकाच ठिकाणी रोज घास अडकतो का, सकाळी तोंडाला वास आणि उशीवर रक्ताचा डाग असतो का, हेही तपासा. यातलं काहीही असेल तर खाली दिलेली पद्धत सुरू करा आणि सोबत दंतवैद्याची वेळही घ्या. नुसत्या घासण्यावर थांबू नका.

सिगारेट-विडी ओढणाऱ्यांनी रक्त येत नाही यावर समाधान मानू नये. धूम्रपानाने हिरडीचा रक्तपुरवठा आवळला जातो, म्हणून आत हाड झिजत असतानाही बाहेर रक्त दिसत नाही.

ब्रश फिरवायचा कसा

ब्रश 'सॉफ्ट' किंवा 'एक्स्ट्रा सॉफ्ट' घ्या. डोकं लहान असावं, मोठ्या माणसासाठी साधारण दोन दातांच्या रुंदीचं. 'हार्ड' आणि बहुतेक 'मीडियम' ब्रशांनी हिरडी खाली सरकते आणि मुळाशी दाताला खाच पडते. थंड पाणी झोंबायला लागतं. पेस्ट फ्लोराइडची, मोठ्यांसाठी वाटाण्याएवढी. जाहिरातीतली ब्रशभर लाटेसारखी पेस्ट घेतली की तोंड फेसाने भरतं आणि माणूस लवकर थुंकून मोकळा होतो. ब्रश ओला करायची गरज नाही.

केस दाताच्या मुळाकडे, म्हणजे वरच्या दातांना वर आणि खालच्या दातांना खाली, ४५ अंशांत तिरके धरा. अर्धे केस दातावर आणि अर्धे हिरडीच्या कडेवर टेकले पाहिजेत. हलकेच दाबा, हिरडी किंचित पांढरी पडेल एवढाच दाब. आता ब्रश जागचा न हलवता केस थरथरवल्यासारखे आगेमागे हलवा, एका जागी आठ-दहा वेळा. हालचाल दोन-तीन मिलिमीटरची. मग चावायच्या बाजूकडे ब्रश वळवून सोडा आणि पुढच्या दोन दातांवर जा. ही चार्ल्स बॅस या अमेरिकन डॉक्टरांची पद्धत. हिरडीची कड साफ करायला ती अजूनही सगळ्यात कामाची आहे. लादी घासल्यासारखे आडवे लांब फटके मारले तर दाताचा फुगीर भाग चकचकीत होतो आणि हिरडीची कड तशीच राहते.

क्रम ठरवून घ्या आणि तो रोज तोच ठेवा: वरचा जबडा बाहेरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग आतून, खालचा बाहेरून, मग आतून, शेवटी चावायच्या बाजू. क्रम नसेल तर समोरचे सहा दात चार वेळा घासले जातात आणि मागच्या दाढांचा आतला भाग राहून जातो. खालच्या पुढच्या दातांना आतून घासताना ब्रश उभा धरा आणि त्याचं टोक वापरा. तिथेच कीटण सगळ्यात जास्त धरतं आणि तिथेच ब्रश सगळ्यात कमी जातो. शेवटच्या दाढेच्या मागच्या बाजूला पोचायला तोंड अर्धं मिटा. पूर्ण उघडलं की गाल ताणला जातो आणि ब्रश आत शिरत नाही.

वेळ किमान दोन मिनिटं. मोबाइलवर लावून बघा, पहिल्यांदा ती बरीच लांब वाटतात. ब्रश मुठीत न धरता पेनासारखा बोटांत धरला की दाब आपोआप कमी होतो. तीन महिन्यांनी, किंवा केस फिसकारले की त्याआधीच, ब्रश बदला. महिन्याभरात केस आडवे होत असतील तर दोष ब्रशचा नाही, तुमच्या दाबाचा.

दिवसातून दोनदा, आणि त्यातली रात्रीची वेळ चुकवायची नाही. झोपेत लाळ कमी सुटते, तोंड कोरडं पडतं, जंतूंना मोकळं रान मिळतं. आपल्याकडे उलट आहे: सकाळचं घासणं हा संस्कार, रात्रीचं ऐच्छिक. दोन्ही जमणारच नसेल तर रात्रीचं ठेवा. घासून झाल्यावर फेस थुंकून टाका, पण खळखळून चूळ भरू नका. थोडं फ्लोराइड दातावर राहू द्या.

फिरत्या गोल डोक्याचा इलेक्ट्रिक ब्रश साध्यापेक्षा थोडा जास्त प्लाक काढतो. हात थरथरणारे, संधिवात असणारे किंवा घाईची सवय न सुटणारे यांना तो खरंच उपयोगी पडतो. तो घेतल्यास घासायची हालचाल करायची नाही. नुसता प्रत्येक दातापाशी हिरडीच्या कडेला दोन-तीन सेकंद टेकवून पुढे सरकायचं.

दोन दातांच्या मधली जागा

ब्रश कितीही चांगला फिरवला तरी दोन दातांच्या मधल्या बाजू राहतातच, आणि पायरिया बहुधा तिथूनच सुरू होतो. टूथपिक याला उपाय नाही. अडकलेला बडीशेपेचा दाणा तिने निघेल, पण प्लाक दाताच्या पृष्ठावर पसरलेला असतो, फटीत अडकलेला नसतो. शिवाय रोज एकाच ठिकाणी काडी खुपसली की मधली हिरडी दबून खाली जाते आणि अडकायला जास्त जागा होते. सेफ्टी पिन आणि काडेपेटीची काडी यांचा विषयच नको.

दात एकमेकांना घट्ट चिकटलेले असतील तर फ्लॉस, म्हणजे मेण लावलेला दोरा, वापरा. साधारण ४० ते ४५ सेंटीमीटर तोडा, दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळा, आणि मध्ये दोन-तीन सेंटीमीटर ताणून धरा. दातांच्या मधे करवतीसारखा हळूहळू सरकवा. झटका दिला तर तो हिरडीत घुसतो. आत गेल्यावर एका दाताला इंग्रजी सी अक्षरासारखा कवळून धरा, हिरडीखाली थांबेल तिथपर्यंत नेऊन वरखाली चार-पाच वेळा घासा. मग तीच फट, पण शेजारच्या दाताला कवळून. बहुतेक जण हा दुसरा भाग विसरतात आणि दोरा नुसता आतबाहेर काढतात. पुढच्या फटीला दोऱ्याचा ताजा भाग घ्या.

फट थोडी मोठी असेल, हिरडी खाली गेली असेल किंवा पॉकेट असतील, तर बाटली घासायच्या ब्रशसारखा दिसणारा बारीक इंटरडेंटल ब्रश फ्लॉसपेक्षा बरा. दाताच्या मुळावर खोलगट भाग असतात. ताणलेला दोरा त्यांवरून पूल बांधल्यासारखा जातो, ब्रशचे केस मात्र आत शिरतात. माप महत्त्वाचं. साधारण ०.४ मिलिमीटर तारेपासून १ मिलिमीटरच्या पुढपर्यंत मापं मिळतात. केस दोन्ही बाजूंना थोडे घासत जातील, पण तार दाताला लागणार नाही, असं माप. बहुतेकांना पुढच्या आणि मागच्या दातांसाठी दोन वेगळी मापं लागतात. पहिल्यांदा दंतवैद्याकडून ठरवून घ्या. पेस्ट न लावता, दिवसातून एकदा, प्रत्येक फटीत पाच-सहा वेळा आतबाहेर. जोर लावावा लागत असेल तर माप मोठं आहे. तार वाकली की फेकून द्या.

ब्रिज बसवला असेल तर त्याच्या खोट्या दाताखालून रोज काहीतरी गेलंच पाहिजे. त्यासाठी एका टोकाला कडक असलेला सुपरफ्लॉस मिळतो. कॅपच्या कडेपाशी किंवा दोन दातांमधल्या सिमेंटच्या (फिलिंगच्या) कडेपाशी दोरा रोज अडकून तुटत असेल तर ती कड बाहेर आलेली आहे. ती दंतवैद्याकडून घासून घ्या, नाहीतर तिथली सूज कितीही साफ केलं तरी जाणार नाही.

आपलं काम कितपत जमलं हे बघायचा एक स्वस्त उपाय आहे. खाण्याच्या लाल रंगाचे दोन थेंब चमचाभर पाण्यात घाला, ओठांना व्हॅसलिन लावा, कापसाच्या काडीने सगळ्या दातांना हिरडीच्या कडेने लावा, एकदा चूळ भरा. जिथे लाल उरतो तिथे प्लाक आहे. घासून झाल्यावर केलंत तर रोज काय निसटतं ते नेमकं दिसतं. जुना बनियन घालून करा. डाग निघत नाहीत.

पेस्ट, मंजन, तेल, माउथवॉश

हिरड्यांच्या आजारात पेस्टचा ब्रँड हा सगळ्यात कमी महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि लोक सगळ्यात जास्त तोच विचारतात. फ्लोराइड असलेली कुठलीही चालेल. लवंग, कडुनिंब, मीठ, कोळसा असं नाव पुढे आहे म्हणून प्लाक जास्त निघत नाही. भरड मंजन, राखुंडी, गेरू मिसळलेल्या लाल पावडरी, नुसतं मीठ यांनी दात पांढरे दिसतात कारण ते खरवडले जातात. खाली सरकलेल्या हिरडीजवळचं मूळ मऊ असतं, ते आधी झिजतं. त्यात बोटाने मंजन लावलं तर ते हिरडीच्या कडेत शिरतच नाही. 'हिरड्यांना मसाज' केल्याने रोग जातो असंही नाही.

कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी चावून कुंचला केली तर दातांच्या बाहेरच्या बाजू बऱ्या साफ होतात. आतल्या बाजू आणि फटी राहतात. तेलाची गुळणी करून बरं वाटत असेल तर जरूर करा, पण ब्रशच्या जागी नाही. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या केल्या की सुजलेल्या हिरडीला आराम मिळतो. त्याने प्लाक निघत नाही.

क्लोरहेक्सिडीनचा ०.२ टक्क्यांचा माउथवॉश हे मात्र खरं औषध आहे, म्हणून ते औषधासारखंच घ्यायचं: १० मिलिलिटर, अर्धा ते एक मिनिट, दिवसातून दोनदा, साधारण दोन आठवडे, तेही शस्त्रक्रियेनंतर किंवा हिरडी इतकी दुखत असताना की ब्रश लावता येत नाही. पेस्टमधल्या फेसाच्या द्रव्याने त्याचा असर कमी होतो, म्हणून ब्रश आणि हा माउथवॉश यांत अर्धा तास जाऊ द्या. महिनोन्‌महिने वापरला तर दात आणि जीभ तपकिरी पडतात, चहा-कॉफी पिणाऱ्यांचे लवकर. तोंडाची चवही बिघडते.

तंबाखू

मशेरीबद्दल स्पष्ट सांगायला हवं, कारण महाराष्ट्र आणि गोव्यात अजूनही ती 'दात घासायची पावडर' समजली जाते. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूच ती. दाढ दुखते म्हणून बाई एकदा लावते, बधिरपणाने बरं वाटतं, आणि पुढे निकोटिनची सवय लागून दिवसातून तीन-चार वेळा लावली जाते. तपकीर दातांना लावण्याचंही तेच. चुना मळून तंबाखूची चिमूट जिथे रोज ठेवली जाते तिथली हिरडी खाली सरकते, मूळ उघडं पडतं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी गालफडात ठेवण्याची सवय गेलेली नाही.

तंबाखू चालू असताना पायरियाचे उपचार बरेच कमी लागू पडतात. हिरडी भरून यायला लागणारा रक्तपुरवठाच आवळलेला असतो. सोडायला मदत हवी असेल तर १८०० ११ २३५६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे. आणि तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर आधी कर्करोगाची तपासणी करून घ्या. हिरड्यांचं नंतर बघता येईल.

मधुमेह, गरोदरपण आणि गोळ्या

मधुमेह आणि पायरिया एकमेकांना वाढवतात. साखर चढलेली असताना हिरडीची जखम भरत नाही, हाड लवकर झिजतं. आणि हिरड्यांतली जुनाट सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. पायरियाचे उपचार नीट झाले की तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारा रक्ततपासणीचा आकडा, साधारण ०.४ टक्क्याने उतरतो. ही काही छोटी गोष्ट नाही. दंतवैद्याला एचबीए१सीचा आकडा नक्की सांगा. ७ किंवा त्यावर असेल तर आजार झपाट्याने वाढेल असं धरून उपचार आखतात. दवाखान्यात जाताना नाश्ता आणि गोळी चुकवू नका, सकाळची वेळ घ्या. उलट बाजूनेही लक्ष असू द्या: हिरडीला वारंवार गळू होत असतील आणि साखर कधी तपासली नसेल, तर तपासा.

गरोदरपणात संप्रेरकांमुळे थोड्याशा प्लाकनेही हिरड्या फुगतात. 'या दिवसांत दातांना हात लावायचा नाही' ही समजूत चुकीची आहे. दात साफ करून घेता येतात, चौथा ते सहावा महिना सगळ्यात सोयीचा. दोन दातांमध्ये लालबुंद गाठ आली तर घाबरू नका. ती बहुधा बाळंतपणानंतर आक्रसते. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नये. चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भरा आणि अर्ध्या तासाने घासा.

रक्तदाबावरच्या अॅम्लोडिपिन आणि निफेडिपिन, फिट्सवरची फेनिटॉइन, मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरची सायक्लोस्पोरिन या औषधांनी काही जणांच्या हिरड्या जाड होऊन दातांवर चढतात. गोळी स्वतःहून बंद करू नका. दंतवैद्याने फिजिशियनला कळवलं की पर्याय बघता येतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तसंच: आधी सांगा, स्वतःच्या मनाने थांबवू नका.

कधीकधी रक्त हिरडीमुळे नसतंच. ताप आहे, अंगावर लाल पुरळ किंवा निळे डाग आहेत आणि हिरड्यांतून आपोआप रक्त झिरपतंय, तर डेंग्यूची शंका घेऊन त्याच दिवशी रुग्णालयात जा. ताप नसतानाही हिरड्या काही आठवड्यांत स्पंजासारख्या फुगल्या, अंगात ताकद राहिली नाही, तर रक्ताची साधी तपासणी आधी. रक्ताचा कर्करोग कधीकधी पहिल्यांदा हिरडीतच दिसतो.

दवाखान्यात काय होतं

तपासणीत दंतवैद्य एक बारीक, मिलिमीटरच्या खुणा असलेली सळई हिरडीच्या फटीत घालतो, प्रत्येक दाताला सहा ठिकाणी. १ ते ३ चांगलं, ४ च्या पुढे लक्ष द्यायला हवं, ६ च्या पुढे गंभीर. ही मोजणी न करता थेट 'क्लिनिंग' करून पाठवलं, तर आजार किती आहे हे कुणालाच कळलेलं नसतं. आकडे मागा आणि जपून ठेवा. हाडाची झीज एक्स-रेत दिसते.

स्केलिंगचं यंत्र सेकंदाला साधारण २५ ते ३० हजार वेळा कंप पावतं आणि पाण्याच्या फवाऱ्यासह कीटण उडवतं. त्याने इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, खरवडलं जात नाही. 'साफ केल्यावर दात हलायला लागले, फटी पडल्या' ही तक्रार खरी असते, कारण मात्र चुकीचं सांगितलं जातं. हाड आधीच गेलेलं असतं, दात कीटणाच्या आधाराने उभे असतात, आणि फट कीटणाने व सुजेने बुजलेली असते. साफ केल्यावर खरं चित्र दिसतं. काही दिवस, क्वचित दोन आठवडे, थंड-गरम झोंबतं, मग जातं.

पॉकेट असतील तर हिरडी बधिर करून मुळावरचं कीटण काढतात, बहुतेकदा दोन ते चार भेटींत. सहा आठवडे ते तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी. ४ मिलिमीटरपर्यंत खोली आणि रक्त नाही, हे साध्य. ६ किंवा जास्त खोली उरली तर हिरडी उचलून आत साफ करायची शस्त्रक्रिया, हाडातल्या काही विशिष्ट खाचांत हाडाची भर. हे काम हिरड्यांच्या तज्ज्ञाचं, म्हणजे पेरिओडॉन्टोलॉजीत एमडीएस ही पदव्युत्तर पदवी घेतलेल्याचं. जाहिरातीतल्या लेझरने यात खास जास्त काही मिळत नाही. मुळावरचं कीटण निघालं की नाही एवढंच बघा. खर्च परवडत नसेल तर मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आणि महापालिकेचं नायर, शिवाय नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं आणि बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय, इथे हे सगळे उपचार कमी पैशांत होतात. फेऱ्या जास्त पडतात.

मेडिकलमधून आपल्या मनाने मेट्रोनिडॅझोल-अॅमॉक्सिसिलिनसारखी प्रतिजैविकं घेतली की सूज चार दिवस उतरते आणि परत येते, कारण कीटण आणि त्यावरचा थर तिथेच असतो. दुखऱ्या हिरडीवर अॅस्पिरिनची गोळी चेपून ठेवू नका. तिने कातडी जळते. हिरडीला पूचा फुगवटा आला तर एक-दोन दिवसांत दंतवैद्याकडे जा. सुजेबरोबर ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास, जबड्याखाली कडक सूज असेल तर रात्र असली तरी थेट रुग्णालय गाठा.

उपचार संपल्यावर सगळ्यांना 'सहा महिन्यांनी या' हा नियम लागू होत नाही. ज्यांना पायरिया होऊन गेलाय, त्यांनी पहिली एक-दोन वर्षं दर तीन महिन्यांनी जावं; आकडे स्थिर राहिले तर अंतर वाढवता येतं. हलणारे दात काढून इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात रोवलेले कृत्रिम दात, बसवले तर यातून सुटका होईल असं वाटत असेल, तर इम्प्लांटभोवतीही हाच आजार होतो, अनेकदा जास्त वेगाने, आणि ज्याला आधी पायरिया होता त्याला तो होण्याची शक्यता अधिक. इम्प्लांट बसवण्याआधी बाकीच्या दातांचं रक्त थांबलेलं असायला हवं, आणि नंतर त्याच्याभोवतीही रोज रात्री इंटरडेंटल ब्रश फिरवावा लागतो.